टाकीच्या पायरीवरचा खिळा

४ सप्टेंबर

मामा, नमस्कार. मामीलाही, आणि माझ्या भिंगरीच्या दोन्ही गालांना एकेक चिमटा.

पोचले, खोली मिळाली, वर्ग सुरू झाला. कम्युनिटी कॉलेज म्हणजे डोळ्यांसमोर काय काय आणलं होतं मी! प्रत्यक्षात ते जुनं कापडाचं गोदाम आहे. नकाशाचा वर्ग मागच्या हॉलमध्ये भरतो. छताला अजून गाठोडी ओढायचे आकडे लटकलेत आणि खाली वीस कॉम्प्युटर. वर्गात मी वयाने तिसरी. पहिला नंबर एका निवृत्त ड्रायव्हरचा, दुसरा घटस्फोट झालेल्या एका नर्सबाईंचा. बाकी सगळी मिसरूड फुटलेली पोरं, ती मला 'मावशी' म्हणतात. पार्सल कचेरीत बारा वर्षं पत्ते लावत बसले आणि ती बंद पडली, तेव्हा वाटलं होतं की ते शिकलेलं सगळं मातीत गेलं. पण इथे सर म्हणाले, ज्याला पत्ता कळतो त्याला नकाशा अर्धा आलाच. त्या रात्री मी नीट झोपले.

शिकवतात ते ऐकून तू हसशील. विमानातून खाली प्रकाशाचा मारा करतात, तो जमिनीवर आपटून परत येतो, त्यावरून प्रत्येक जागेची उंची कळते. झाडं वजा करून टाकता येतात. एकाच गावाची अशी दोन वर्षांची मोजणी घ्यायची आणि एकातून दुसरी वजा करायची. जमीन जिथे खचली तिथे लाल रंग, जिथे वर आली तिथे निळा, जिथे काही झालं नाही तिथे पांढरा. सहामाहीचा प्रकल्प हाच आहे. प्रत्येकाने आपापली जागा निवडायची. मी तुझी टेकडी निवडली, तुमच्या अकरा घरांची ओळ, वरची पाण्याची टाकी, खालचा पूल, सगळं. आठ वर्षांपूर्वीची मोजणी आहे आणि यंदाच्या उन्हाळ्यातलीही. भिंगरी झोपते ती मागची खोलीसुद्धा दिसते, छप्पर ओळखलं मी.

लेकीला जवळ ठेवता येत नाही म्हणून रोज जीव तुटतो. तिचा बाप बोटीवर, आई गोदामात. मामीला म्हणावं, केस विंचरताना तिने आकांत केला तर दुर्लक्ष कर.

तुझी,
बबडी

१२ सप्टेंबर

बबडे, आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, एकदा मी आणि एकदा मामीला मोठ्याने. विमानातून मोजणी! लोक उंटावरून शेळ्या हाकतात, तुम्ही विमानातून हाकायला लागलात. मी एकतीस वर्षं तिपाई खांद्यावर टाकून डोंगर चढलो तेव्हा कुठे मला मोजणीदार म्हणाले. तू गोदामात पंख्याखाली बसून माझी टेकडी मोजणार! कानामागून आली आणि तिखट झाली. पण बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तुझी आई असती तर तिने अख्ख्या गल्लीला सांगितलं असतं.

एक लक्षात ठेव. विमान कितीही उंच उडालं तरी त्याची उंची शेवटी जमिनीवरच्या एका खुणेला बांधलेली असते. आपल्या गावात ती खूण म्हणजे टाकीच्या पहिल्या पायरीतला पितळी खिळा. तो मी बसवला, आणि दर वर्षी त्याच्यावर पट्टी धरून मागच्या कातळाशी ताडून पाहतो. निवृत्त झालो तरी कचेरीने ते काम माझ्याकडेच ठेवलंय. म्हणजे तुझ्या विमानाचे पाय माझ्या खिळ्यावर आहेत.

भिंगरी मजेत आहे. तिने नवा खेळ काढलाय. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गोटी ठेवायची आणि हात काढायचा. गोटी आपली आपण चालत मागच्या भिंतीपर्यंत जाते. ती म्हणते, घर माझ्याशी खेळतं. मागच्या खोलीचं दार पुन्हा अडकायला लागलंय, दुसऱ्यांदा रंधा मारला. लाकूड फुगतं या हवेत. मामी म्हणते दार नाही फुगलं, चौकट वाकली. तिला सुतारकाम कधीपासून कळायला लागलं देव जाणे.

तुझा मामा

२७ सप्टेंबर

मामा,

काहीतरी चुकतंय आणि मला सापडत नाहीये, म्हणून तुलाच विचारते.

दोन्ही मोजण्या वजा केल्या. टेकडी पांढरी आली, स्वच्छ. पण बाकीचं गाव निळं आलं! पूल, शाळा, बाजार, बसस्टँड, सगळं अडतीस सेंटीमीटर वर आलंय. म्हणजे दीड वीत, मामा. पोरं हसून हसून लोळली, 'मावशी, तुमच्या गावाने यीस्ट खाल्लं का?' निवृत्त ड्रायव्हर म्हणाले, रस्ता दीड वीत वर आला असता तर पहिलं मला कळलं असतं.

मी चार वेळा सगळं नव्याने केलं. दर वेळी तेच. टेकडी जागच्या जागी आणि गाव फुगलेलं. खिळ्याच्या आकड्यात माझी काही गफलत होतेय का? फाइलमध्ये तो कातळापेक्षा १.४३२ मीटर खाली आहे असं लिहिलंय. बरोबर ना? पुढच्या महिन्यात प्रकल्प द्यायचाय. याच्यावर पास-नापास आहे, आणि पास झाले तर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जागा आहे. मग भिंगरी माझ्याजवळ.

गोटीचं वाचून हसले आधी. मग हसू आलं नाही. सहज विचारते, गोटी पूर्वीही जायची का?

बबडी

५ ऑक्टोबर

बबडे,

आकडा बरोबर आहे. १.४३२. झोपेतून उठवलंस तरी सांगेन. खिळा जागेवर आहे, त्याच्याकडे संशयाने बघू नकोस. विमानवाल्यांनीच दुसऱ्या खेपेला माती खाल्लेली दिसते. तू खिळा धर आणि बाकी सोड. सरांना सांग, माझ्या मामाने स्वतः तपासलाय.

गोटीचं काय घेऊन बसलीस! चाळीस वर्षांचं घर आहे, फरशी थोडी इकडेतिकडे होणारच. माझं तरी कुठे सगळं सरळ राहिलंय? गुडघा बघ.

ओळीत सगळं ठीक. शिंप्याने वरचा मजला पूर्ण केला, त्याच्या मशीनचा आवाज आता वरून येतो. बेकरीवाल्याने मागे भट्टी वाढवली. टेलिफोनचा खांब कलला आणि तार तुटली, त्यामुळे फोन बंद आहे. मोबाईलला टेकडीआड कधीच रेंज नव्हती. दुरुस्तीवाले येतो म्हणतात. त्यांचं येणं म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीतलं राज्य, कोणावर येईल सांगता येत नाही. मागच्या झऱ्याचं पाणी थोडं दुधाळ झालंय. भिंगरी म्हणते, टेकडीने दूध दिलं.

मामीचं एक खूळ सांगतो. मागच्या खोलीत भिंतीला केसाएवढी रेघ पडली होती, मी लांबी भरली. ही बया त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवते आणि तारीख लिहिते. तीन पट्ट्या झाल्या.

मामा

(मामीची ओळ: तिन्ही पट्ट्या फाटल्या. ह्यांनी ते लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.)

१९ ऑक्टोबर

मामा, मामी,

तुझ्या सांगण्यावरून खिळा पक्का धरला आणि प्रकल्प सरांपुढे ठेवला. सर बारीक अंगाचे, कमी बोलणारे आहेत. त्यांनी पडद्यावर आधी पूल मोठा करून पाहिला, मग टेकडी. मग म्हणाले, "गावं फुगत नाहीत. तुम्ही कधी उभ्या बसमध्ये बसून शेजारची बस सुटताना पाहिली आहे?"

मी म्हटलं, "पाहिली आहे की. आपलीच बस चालली असं वाटतं."

"इथे उलट झालंय. तुमची बस चाललीये आणि तुम्हाला शेजारची हलताना दिसतेय."

मामा, ते म्हणतात की सगळं गाव स्थिर असेल आणि खिळाच खाली सरकला असेल, तर नकाशा अगदी असाच दिसेल. खिळा ज्या जमिनीत आहे ती जमीन त्याच्याबरोबर चाललेली असणार, म्हणून टेकडी पांढरी. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, माझे मामा दर वर्षी वर चढून खिळा तपासतात, एक वर्ष चुकवलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. फक्त त्यांच्या वहीतलं पान मागवा."

तेवढं पान पाठव. म्हणजे त्यांचं तोंड बंद होईल. आणि तोवर माझं एक ऐक, भिंगरीला पुढच्या खोलीत झोपव. वेडी म्हण हवं तर.

बबडी

२ नोव्हेंबर

बबडी,

उत्तराला उशीर झाला. आठ दिवस पाऊस होता, आणि मनही नव्हतं.

पान पाठवतोय. पंधरा वर्षांच्या नोंदी आहेत, प्रत्येकीपुढे माझी सही. तुझ्या सरांनी आयुष्यात किती डोंगर चढलेत ते विचार. खाजवून खरूज काढायची हौस असते काही लोकांना. या आकड्यांवर कचेरीने या ओळीत बांधकामाच्या परवानग्या दिल्यात. शिंप्याचा मजला, बेकरीवाल्याची भट्टी, सगळं या आकड्यांवर उभं आहे. लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, जागा पक्की आहे ना? मी म्हणतो, पक्की. ते घरी जाऊन निवांत झोपतात. तू काय मागते आहेस ते तुला कळतंय का?

भिंगरी मागच्याच खोलीत झोपते. तिला तीच आवडते. लहान मुलांना घाबरवायचं नसतं.

मामा

९ नोव्हेंबर

मामा,

पान मिळालं. सरांना दाखवायच्या आधी मी स्वतः पाहिलं.

पहिल्या चार वर्षांचे आकडे असे आहेत: १.४३१, १.४३३, १.४३२, १.४३२. त्यानंतरची अकरा वर्षं सलग १.४३२. मिलिमीटरचाही फरक नाही. मला वाटलं, किती काटेकोर माझा मामा! सरांनी पान पाहिलं आणि मला परत दिलं. मग हळूच म्हणाले, "खऱ्या मोजणीत इतका सारखेपणा कधी येत नाही. हात हलतो, ऊन असतं, पट्टी कलते. सलग अकरा वेळा एकच आकडा डोंगरावर मिळत नाही. तो टेबलावर मिळतो."

मी त्यांच्यावर चिडले. घरी येऊन रडले. मग आठवलं, अकरा वर्षांपूर्वीच तू टाकीच्या पायऱ्यांवरून पडलास आणि गुडघा गेला.

मामा, तू मला सायकल शिकवलीस तेव्हा म्हणाला होतास, पडलीस तर सांग, लपवू नकोस. मी आज तेवढंच विचारते. तू वर गेला होतास का? एका शब्दात लिही. मला राग येणार नाही. आला तरी गिळीन.

आणि गेला नसशील, तर अडतीस सेंटीमीटरचा हिशेब उन्हाळ्यापर्यंतचा आहे. त्यानंतर पावसाळा झाला, वर हा आठ दिवसांचा पाऊस. गोटी, दार, खांब, झरा, मामीच्या पट्ट्या, हे सगळं तूच मला लिहून कळवलंस. मी नुसती हसत वाचत गेले. माझी मुलगी त्या भिंतीला पाठ लावून झोपते. शनिवारी परीक्षा आहे, ती संपली की मी निघते. परीक्षा गेली खड्ड्यात, खरं तर उद्याच निघाले असते, पण दरड पडून घाटाचा रस्ता बसला बंद आहे, टपाल तेवढं मोटरसायकलवरून जातं; शुक्रवारी उघडेल म्हणतात. तोवर भिंगरीला त्या घरातून काढ. तुझ्या पाया पडते.

बबडी

१३ नोव्हेंबर

बबडे,

नाही गेलो.

एक शब्द मागितलास, दोन लिहिले. आता बाकीचंही लिहितो, कारण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

पडलो त्या वर्षी दोनशे बारा पायऱ्या चढवेनात. कचेरीला आकडा हवा होता. म्हटलं, चार वर्षांत खिळा हलला नाही, आता काय हलणार? घरी बसून मागचाच आकडा लिहिला. पुढच्या वर्षी खरंच जाणार होतो. पण गुडघ्याचं कारण होतं, आणि कोणाला कळलंही नव्हतं. तिसऱ्या वर्षी तर लिहिताना वर बघितलंही नाही. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणून तुला हसलो, बबडे. मी तर स्वयंपाकघरातून हाकत होतो.

आणि हे सगळ्यांत वाईट. गेल्या वर्षीपासून मला कळत होतं. मोजणीदाराला गोटी कुठे जाते ते कळत नाही होय? दोनदा रंधा मारला तो दाराला नाही, माझ्याच मनाला मारला. तुझं पहिलं निळ्या गावाचं पत्र आलं तेव्हा पाचावर धारण बसली. तरी 'खिळा धर' म्हणून लिहिलं. पोटच्या पोरीसारख्या भाचीला खोटं लिहिलं, नात भिंतीशी झोपलेली असताना. याला माफी नाही, तू देऊही नकोस.

काल मामीला सांगितलं. ती उठली आणि भिंगरीचे कपडे भरायला लागली. घाट उघडला की पहिल्या बसने दोघी तुझ्याकडे येतील. आजच त्यांना खाली बेकरीवाल्याच्या बहिणीकडे बाजारात झोपायला पाठवलंय. भिंगरी सुखरूप आहे, आधी हे वाक्य दोनदा वाच. तिने गोट्या बरोबर नेल्या, एक माझ्यासाठी ठेवली.

संध्याकाळी ओळीतल्या घराघरात गेलो. म्हटलं, बाहेर पडा. कोणी ऐकेना. शिंपी म्हणाला, "मोजणीदारसाहेब, तुमचा आकडा आहे ना १.४३२? मग?" मी म्हटलं, तो खोटा आहे. त्याला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. अकरा वर्षं खोटं सांगितलं ते पटलं, आणि खरं सांगितलं ते पटेना. तू पत्राबरोबर पाठवलेला रंगीत नकाशा दाखवला तर म्हणतात, हे कॉलेजातलं चित्र आहे. कचेरीत गेलो, साहेब म्हणाले अर्ज द्या, सोमवारी बघू.

यांना माझ्या हातचा आकडाच लागतो. तर तो आणून देतो. उद्या उजाडताच वर जातोय. शिंपी बरोबर येतो म्हणाला, मला वेड्यात काढायला का असेना. कातळावर एक वाचन घ्यायचं, खिळ्यावर एक. माझी तिपाई वर्षानुवर्षं फडताळावर होती, धूळ पुसली. पायऱ्या दोनशे बाराच असतील, मोजत जाईन.

परीक्षा दे. सरांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, डोळा तयार आहे त्यांचा.

मामा

२९ नोव्हेंबर

बबडे,

शाळेच्या हॉलमधून लिहितेय. तू येऊन भिंगरीला घेऊन गेलीस आणि हा हॉल फार मोठा वाटायला लागला. अकराही घरांतली माणसं इथे आहेत. त्रेचाळीस जण. मोजायची सवय मला कधी लागली कळलं नाही. रोज संध्याकाळी एकदा मोजते.

तू जायच्या दिवशी विचारलंस, ते खाली का आले नाहीत, वेळ होता ना? तेव्हा मला माहीत नव्हतं. काल शिंपी जवळ येऊन बसला. इतके दिवस तोंड चुकवत होता. खिशात ह्यांची वही होती. म्हणाला, "काकू, द्यायचा धीर होत नव्हता."

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. वर पोचायला ह्यांना दीड तास लागला. दर वीस पायऱ्यांना बसायचे. पट्टी शिंप्याने खिळ्यावर उभी करून त्याच्या मापाच्या टेपने टाकीच्या कठड्याला बांधली. ह्यांनी वाचन घेतलं, लिहिलं. मग म्हणाले, "एका आकड्यावर कोणी विश्वास ठेवायचा नसतो." तासाभराने पुन्हा घेतलं. तेवढ्यात आकडा वाढला होता. हे म्हणाले, "वही घे आणि पळ. सगळ्यांना दाखव. बेकरीवाल्याला आधी, त्याचं घर मोठं आहे, वेळ लागेल." शिंपी म्हणाला, तुम्हीही चला. तर म्हणाले, "या गुडघ्याने मी तुझ्याबरोबर आलो तर दोघंही उशिरा पोचू. आणि ते म्हणतील, दोन आकडे चुकूनही येतात. तिसरा मी इथून ओरडून सांगतो, तू पायरीवर लिहून घे."

तो अर्ध्यावर पोचला तेव्हा वरून आवाज आला. त्याने पायरीवर वही टेकवून लिहिलं. मग पुन्हा आवाज आला, "पळ!" लोकांनी वहीतले तीन आकडे पाहिले आणि एकानेही प्रश्न विचारला नाही. शेवटची बाहेर पडली ती बेकरीवाल्याची आई, पलंगासकट. पूल ओलांडला आणि मागे पाहिलं तर टाकी नव्हती.

मी ह्यांच्यावर अजून रागावलेली आहे. अकरा वर्षं माझ्याशेजारी झोपून मला सांगितलं नाही, हे मी विसरणार नाही. रोज रागावते आणि रोज त्यांच्यासाठी चहाचा कप वेगळा काढते, मग परत ठेवते.

भिंगरीला सांग, तिने ठेवलेली गोटी सापडली नाही. शोधतेय.

वही या पत्राबरोबर पाठवते आहे. शेवटचं पान उघड. दोन आकडे ह्यांच्या अक्षरात आहेत, एक शिंप्याच्या. १.८४७, १.८५३, १.८७१. तुझ्या सरांना दाखव. म्हणावं, बघा, तिन्ही वेगळे आहेत.

मामी